२२४ घरी, १८२ विहिरीवर

आर्वी तालुक्यातून (जि. वर्धा) आलेलं पत्र:

‘भाऊ, नमस्कार. आमची वाडी घराला लागून आहे, पण विहीर गोठ्याच्या पार पलीकडे, घरच्या मीटरपासून टेपनं मोजून १५० मीटर. तिच्यावर दीड एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक बसवला. घरचं पाणी, ढोरांचं पाणी, थोडं सांभार (कोथिंबीर)-वांगं, एवढंच काम. वायर ॲल्युमिनियमची, अडीच एमएमची, दोन तारी. मधात दोन ठिकाणी जोड आहे. यंदा उन्हाळा लागला तशी मोटर चालू करताना नुसती घुं घुं करते. कधी उचलते, कधी नाही. एकदा जळली, वाइंडिंग करून आणली. वायरमन म्हणतो कंडेन्सर गेला. दोनदा बदलला, फरक नाही. दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर घ्या.

माझी मुलगी दहावीत आहे. तिनं पुस्तकातलं ओहमचं सूत्र काढलं अन् वायरमनचा क्लॅम्प मीटर मागून आणला. मोटर चालू असताना घरी २२४ व्होल्ट, विहिरीवर १८२, करंट १० अँपियर. तिनं १८२ ला १० नं भागलं, मोटरचा रोध १८.२ ओहम आला. मग लाइन बंद करून मल्टिमीटरनं वाइंडिंग मोजली तर २.८ ओहम. ती विचारते, बाबा, पुस्तक खोटं का मीटर खोटं? अन् वायरमन म्हणतो, मोटर बंद असताना विहिरीवरही २२४ च येतात, बल्ब लख्ख लागतो, मग वायरमध्ये दोष काऊन काढता? आता वायर बदलू, मोटर बदलू का स्टॅबिलायझर घेऊ?’

भाऊ, वायर बदला. मोटर राहू द्या. स्टॅबिलायझरचे पैसे वायरमध्ये घाला.

हे मी अंदाजानं सांगत नाही. तुमच्या मुलीनं मोजायचं ते सगळं मोजून ठेवलं आहे, फक्त भागाकाराला आकडा दुसरा घेतला. ओहमच्या सूत्राची एक अट आहे, आणि पाठ करताना नेमकी तीच गळते: ज्या वस्तूचा रोध काढायचा, तिच्याच दोन टोकांमधले व्होल्ट घ्यायचे आणि तिच्यातूनच जाणारा करंट घ्यायचा. बोर्डावरचे व्होल्ट घेतले आणि रोध वायरचा मागितला तर उत्तर कशाचंच येत नाही.

वायरच्या एका टोकाला, म्हणजे घरी, २२४. दुसऱ्या टोकाला १८२. मधले ४२ व्होल्ट वायरनं खाल्ले, जाणारी-येणारी दोन्ही तारा धरून. वायरमधून करंट १० अँपियर. म्हणून

रोध = व्होल्ट ÷ अँपियर = ४२ ÷ १० = ४.२ ओहम

शक्ती = व्होल्ट × अँपियर = ४२ × १० = ४२० वॅट

म्हणजे मोटर चालू असेपर्यंत तुमची वायर ४२० वॅटची शेगडी म्हणून तापते आहे. दीडशे मीटरवर ती उष्णता पसरली असल्यामुळे हाताला फारशी जाणवत नाही. दिवसाला दोन तास मोटर चालत असेल तर महिन्याला साधारण २५ युनिट नुसते वायर तापवण्यात जातात, आणि ते तुम्ही दर बिलात भरता.

आता वायरमनचं म्हणणं. मोटर बंद असताना विहिरीवर २२४ दिसतात, हे त्याचं खरंच आहे. दिसणारच. करंट शून्य, म्हणून ४.२ गुणिले शून्य, पडलेले व्होल्ट शून्य. बल्बचंही तसंच. ९ वॅटचा एलईडी बल्ब जेमतेम ०.०४ अँपियर घेतो. त्याला ४.२ ओहमनं गुणा, एक व्होल्टही पडत नाही, बल्ब लख्ख लागणारच. चण्याला स्प्रिंकलर लावता तेव्हा सगळे नोझल बंद असले की पाइपात शेवटपर्यंत दाब पुरा असतो, आणि सगळे नोझल उघडले की शेवटचा नोझल जागच्या जागी थुंकतो. बारीक पाइपाचा दोष पाणी चालू असतानाच दिसतो. वायरचा दोषही लोड चालू असतानाच मोजायचा. गावोगाव टेस्टर लावून ‘लाइन बरोबर आहे’ असं ठरवतात, त्या टेस्टरला करंट जवळजवळ लागतच नाही. वायर किती बारीक आहे, याची साक्ष टेस्टर देऊच शकत नाही.

४.२ हा आकडा बरोबर वाटतो का, हेही पडताळून पाहू. अडीच चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे १२.१ ओहमपर्यंत असतो. तुमची वायर १५० मीटर, पण करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार धरायची ३०० मीटर. इथं बरेच जण एकपट धरतात आणि अर्धं उत्तर काढून बसतात. १२.१ ला ०.३ नं गुणलं की ३.६३ ओहम. हा झाला २० अंशाचा हिशेब, आणि आपल्याकडे मे महिन्यात २० अंश कोणी पाहिले? ॲल्युमिनियमचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तार ४५ अंशाला गेली की दहा टक्के वाढ, म्हणजे ४ ओहम. ‘उन्हाळा लागला तशी’ मोटर घुमायला लागली, त्यात या वाढीचाही वाटा आहे.

मोजलेले ४.२, हिशेबाचे ४.०. उरलेला ०.२ मी तुमच्या जोडांच्या नावावर टाकतो. आकडा लहान दिसतो, पण १० अँपियरला तेवढ्यात २० वॅट जळतात, आणि ते दीडशे मीटरवर पसरत नाहीत. पिळलेल्या चार वेढ्यांत, काळ्या चिकटपट्टीखाली एका जागी जळतात. ॲल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा कडक थर येतो, त्यातून करंट नीट जात नाही, शिवाय ही धातू दाबाखाली हळूहळू सरकते आणि पीळ ढिला पडतो. अर्धा तास मोटर चालवा, मेन स्विच बंद करा आणि मगच जोडाला हात लावून पाहा. बाजूच्या तारेपेक्षा जोड गरम लागला तर समजा.

आता मुलीचा प्रश्न. पुस्तकही खरं आणि मीटरही खरा. १८.२ आणि २.८ हे एकाच गोष्टीचे दोन आकडे नाहीत.

मल्टिमीटरनं जे २.८ ओहम दाखवले, तो वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचा रोध. मीटर स्वतःच्या लहानशा सेलनं सरळ धारा पाठवतो, तीही मोटर उभी असताना. लाइनवर मोटर चालते तेव्हा धारा प्रत्यावर्ती असते, सेकंदाला ५० आवर्तनं. वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं, आणि त्या बदलामुळे वेटोळ्यात उलट्या दिशेचा दाब तयार होतो. लाइनच्या १८२ व्होल्टांपैकी बहुतेक भाग या उलट्या दाबाशी झुंजण्यात जातो. तारेच्या रोधापुरते उरतात १० गुणिले २.८, म्हणजे फक्त २८ व्होल्ट. म्हणून १८२ भागिले १० हा मोटरचा रोध नव्हे. प्रत्यावर्ती धारेला मोटर एकूण जो अडथळा करते तो १८.२ ओहम, त्याला प्रतिबाधा म्हणतात. दहावीला हे नसतं, म्हणून पोरगी अडकली. चूक तिची नाही. उलट दोन आकडे जुळत नाहीत हे तिनं ताडलं, यातच तिचं अर्धं उत्तर आलं.

चुकीचा आकडा सूत्रात पडला हे ओळखायचा एक उपाय तिला सांगा. रोध २.८ खरा मानून शक्ती काढू: व्होल्टचा वर्ग भागिले रोध. १८२ चा वर्ग ३३,१२४, भागिले २.८, आले सुमारे ११,८३० वॅट. ७४६ वॅट म्हणजे एक एचपी. म्हणजे तुमची दीड एचपीची मोटर जवळपास १६ एचपीची झाली! असं उत्तर आलं की हिशेब तिथंच थांबवायचा. तोच २.८ योग्य जागी वापरला तर कामाचा आहे: करंटचा वर्ग गुणिले रोध, १०० गुणिले २.८, म्हणजे २८० वॅट. एवढी उष्णता वाइंडिंगच्या तांब्यात तयार होते. मोटर जळण्याचा हिशेब याच आकड्यावर चालतो, कारण करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

जर्मनीतल्या ओहम मास्तरांनी १८२७ मध्ये हा नियम छापला, तो धातूच्या लांब-आखूड तारा बदलून बदलून करंट मोजल्यावर. तो नियम मुळात तारेचाच, आणि तापमान बदलत नाही असं धरून. मोटर तेव्हा कोणाच्या विहिरीवर नव्हती. म्हणून तुमच्या घरच्या वायरला, इस्तरीला, शेगडीला तो चोख लागतो आणि मोटरला लावताना थांबावं लागतं.

मुलीला चोख प्रयोग करायचा असेल तर १००० वॅटची इस्तरी विहिरीच्या बोर्डावर लावा. जागा कोरडी हवी आणि तुम्ही सोबत उभे राहा. २३० चा वर्ग भागिले १००० केलं की इस्तरीचा रोध येतो, सुमारे ५३ ओहम. वायरचे ४.२ त्यात मिळवा, ५७.२ झाले. २२४ ला ५७.२ नं भागलं की ३.९ अँपियर. इस्तरीवर साधारण २०७.५ व्होल्ट मिळतील आणि ‘१००० वॅट’ लिहिलेली इस्तरी तिथं ८१० वॅटच्या आसपासच तापेल. आधी हे आकडे वहीत काढायला लावा, मग मीटर लावू द्या. मोजलेले व्होल्ट २२४ मधून वजा करून करंटनं भागले की वायरचा रोध पुन्हा निघेल, आणि तो मोटरवरून काढलेल्या ४.२ पेक्षा थोडा जास्त निघाला तर घाबरू नका. मोटरमध्ये करंट व्होल्टच्या थोडा मागं-पुढं चालतो, त्यामुळे २२४ मधून १८२ ची सरळ वजाबाकी तिथं थोडी कमी भरते. इस्तरीत ती भानगड नाही.

याच कारणानं मोटरची शक्तीही नुसती व्होल्ट गुणिले अँपियर नसते. घरून निघताना २२४ गुणिले १० म्हणजे २,२४० येतात, पण बिलाचा मीटर तेवढे मोजत नाही, पॉवर फॅक्टरनं (करंट व्होल्टच्या मागं-पुढं असल्यामुळे लागणाऱ्या गुणकानं) कमी करून मोजतो. खरे वॅट काढायला वेगळं यंत्र लागत नाही. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटर चालवा आणि एक मिनिट लुकलुक मोजा. ११५ भरली तर ११५ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे २.१५६ किलोवॅट. त्यातले ४२० वॅट वायरचे. मीटरमधून गेलेल्या विजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा विहिरीपर्यंत पोचतच नाही.

मग मोटर घुमते का? सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट करंट मागते, कारण रोटर (मोटरचा फिरणारा भाग) उभा असतो आणि उलटा दाब पुरता तयार झालेला नसतो. त्या क्षणी मोटरची प्रतिबाधा ढोबळ साडेचार ओहम धरा. वायरचा रोध ४.२. दोघं जवळपास सारखेच, म्हणून व्होल्टही जवळपास निम्मे-निम्मे वाटले जातात आणि मोटरला सव्वाशेच्या आसपास मिळतात. मोटरचा उचलण्याचा जोर व्होल्टच्या वर्गानं घटतो: व्होल्ट निम्मे, जोर चौथाई. पाण्यासकट पंप उचलायला तो पुरत नाही, रोटर अडून राहतो, आणि अडलेला रोटर पन्नास नाही तरी पंचवीस-तीस अँपियर ओढतच राहतो. २५ चा वर्ग गुणिले २.८, पावणेदोन हजार वॅट, तेही पंखा न फिरता बंद डब्यात. तुमची वाइंडिंग यातच गेली असावी. कंडेन्सर खराब असला तरी मोटर अशीच घुमते, म्हणून वायरमननं आधी तो बदलला यात वावगं काही नाही. पण एकदा बदलून फरक पडला नाही, तेव्हाच चालू लोडवर व्होल्ट मोजायला हवे होते. दुसरा कंडेन्सर फुकट गेला. खात्रीच करायची असेल तर मोनोब्लॉक उचलून घराजवळ आणा आणि मीटरजवळच्या बोर्डावर आखूड वायरनं दोन सेकंद चालू करा. त्याहून जास्त नको, कोरडा पंप खराब होतो. झटक्यात उचलली तर मोटरही बरी आणि कंडेन्सरही बरा.

स्टॅबिलायझर विहिरीवर लावला तर तो पुढं व्होल्ट वाढवून देतो, पण त्याच हिशेबात मागून, म्हणजे तुमच्या त्याच बारीक वायरमधून, करंट जास्त ओढतो. सुरू होताना हा ताण आणखी वाढतो. दुकानदाराचा माल खपेल, वायर तशीच तापत राहील.

वायर कोणती घ्यायची, हे त्याच सूत्रातून उलटं निघतं. पाच टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्ट पडू द्यायचे नाहीत असं ठरवा. २२४ चे पाच टक्के ११ व्होल्ट. ११ भागिले १० अँपियर, म्हणजे १.१ ओहमपर्यंत चालेल. तार ३०० मीटर, तेव्हा किलोमीटरमागे ३.७ ओहमच्या आत हवी. ॲल्युमिनियममध्ये १० चौरस मिलिमीटरची तार ३.०८ ओहमची येते, तांब्यात तेवढाच रोध ६ ची देते. उन्हाळ्याची वाढ धरूनही एक ओहमच्या जवळ राहतो. मग विहिरीवर २१४ च्या आसपास मिळतील, वायरमध्ये ४२० ऐवजी १०० वॅट जातील आणि सुरू होतानाही मोटरला पावणेदोनशेच्या वर व्होल्ट राहतील. दोन्हींचे भाव विचारा आणि स्वस्त पडेल ती घ्या, कामात फरक नाही. फक्त ॲल्युमिनियम घेतलीत तर मधात जोड ठेवू नका, आणि तांब्याच्या टोकाशी थेट पिळू नका, दोन धातूंच्या जोडणीचा लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) मिळतो तो दाबून लावा. जुनी अडीचची वायर गोठ्यातल्या बल्बाला वापरा, तिथं ती सहज पुरेल.

मोजण्याबद्दल थोडं कडक सांगतो, कारण पोरगी हाताशी आहे. करंट क्लॅम्प मीटरनंच मोजायचा, आणि जबड्यात एकच तार घ्यायची. दोन्ही तारा घेतल्या तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खाऊन शून्य दाखवतो. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या भोकात पिन ठेवून व्होल्ट मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट आहे, मीटर हातात फुटतो. ओहम मोजताना लाइन तोडलेली हवी, कंडेन्सर सोडवून त्याची टोकं रोधाच्या आधारानं रिकामी केलेली हवीत. आणि विहिरीच्या काठावर ओल्या पायांनी काहीच मोजायचं नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर, जीव घ्यायला याच्या निम्माही पुरतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट अंगातून वा जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) घरच्या बोर्डात बसवा, नव्या वायरीच्या आधी.

महावितरणकडे तक्रार करू का, असं तुम्ही विचारलं नाही, पण शेजारी सुचवतीलच. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती दाबाला सहा टक्के कमी-जास्तीची मर्यादा होती. २३० धरून ती २१६ ते २४४ होते. तुमच्या मीटरवर मोटर चालू असताना २२४ आहेत, तेव्हा दोष डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) नाही, मीटरच्या अलीकडचा आहे. मात्र मुलीला संध्याकाळी सात ते नऊमध्ये, कूलर सगळ्यांचे चालू असताना, आठवडाभर मीटरजवळचे व्होल्ट मोटर बंद आणि चालू अशा दोन्ही वेळा तारीख टाकून लिहायला लावा. मोटर बंद असतानाही ते २१६ खाली जात असतील तर तो कागद अर्जाला जोडून उपविभागीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आणि घरगुती मीटरवर वाडीतली सांभार-वांगी ठीक, पण उद्या संत्र्याचं ओलित याच मोटरवर सुरू करू नका. त्याला शेतीपंपाची वेगळी जोडणी लागते.